‘आगामी’ नावाचा फोल्डर

मला दिवस गेले आहेत ही बातमी जगात सगळ्यात आधी कळली ती एका कंपनीला. दुसरा नंबर माझा. मिहिर, म्हणजे माझा नवरा, तिसरा आला.

मी अजून औषधांच्या दुकानात जाऊन ती पट्टी आणायची की नाही या विचारात होते, तेवढ्यात फोनवर उशीची जाहिरात आली. साधी उशी नव्हे. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, खास होणाऱ्या आईसाठी, पोटाला आधार देणारी. मी काय केलं होतं, तर आदल्या दिवशी फोनला एवढंच विचारलं होतं की कॉफीचा वास अचानक नकोसा का होतो. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. माझ्या सासूबाईंनी दोन मुलं वाढवली आहेत, पण आदल्याच रविवारी माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या होत्या की तू जरा चिडचिडी झालीयेस, योगासनं कर.

तरी उशीपर्यंत मी गप्प बसले असते. पण मग एका सकाळी त्याच कंपनीने मला एक सिनेमा करून पाठवला. ‘एक वर्षापूर्वी, याच दिवशी.’ मागे पियानो, वरून रंगीत कागदाचे तुकडे पडतायत, आणि मधोमध माझा गेल्या वर्षीचा सोनोग्राफीचा फोटो.

गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. इस्त्रीवाल्यालासुद्धा. तो बिचारा दर आठवड्याला विचारायचा, भाभी, तबियत कैसी है. लोक वाईट नसतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र सांगावं लागतं हे फार वाईट असतं. त्यामुळे या खेपेला माझी एकच अट होती. तीन महिने पुरे होईपर्यंत कोणालाही कळता कामा नये. आईला नाही, सासूबाईंना नाही, चार वर्षांच्या प्रांजलला तर मुळीच नाही, कारण ती शाळेत बाईंना सांगते की आमच्याकडे काल पिठलं झालं.

आणि इथे कोणीतरी पियानो वाजवत होतं.

मी मिहिरला म्हटलं, आजपासून आपले फोटो या लोकांकडे राहणार नाहीत. तो म्हणाला, ‘‘अगं, त्यांच्याकडे अब्जावधी लोक आहेत. त्यांना तुझ्या सोनोग्राफीत काय इंटरेस्ट?’’ विम्याच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाने हे म्हणावं. मी त्याला उशी दाखवली. तो म्हणाला, उशी चांगली आहे.

आता चूक माझी एवढीच की मी हा संताप लिफ्टमध्ये व्यक्त केला. उशीचा आणि पोटाचा भाग गाळून, फक्त तत्त्वाचा. आपले खासगी फोटो परदेशातल्या कुठल्या गोदामात पडून असतात, वगैरे. लिफ्टमध्ये विद्याधरकाका होते.

विद्याधरकाका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या बाजूला, आणि तिच्यात जे जे काही वायरने जोडलेलं आहे ते विद्याधरकाकांनी जोडलेलं आहे. त्यांच्या दाराच्या आत एक लाकडी फळी आहे. तिला छोटे हूक, आणि प्रत्येक हुकाला बिल्डिंगमधल्या एकेका घराची जादा किल्ली. आमचीही. पोरं किल्ली विसरतात, बाई लवकर येते, आजोबा बाहेर फिरायला जाऊन दार ओढून घेतात. सगळे विद्याधरकाकांकडे जातात. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होते आणि कोणाचाही फोन चुकूनसुद्धा ऐकला नाही, असं ते सांगतात. कोणी विचारलेलं नसताना सांगतात.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार हाताने अडवून म्हणाले, ‘‘मानसी, आपला स्वतःचा सर्व्हर टाकू या. सोसायटीचा. आपले फोटो आपल्या घरात.’’

मला ते वाक्य फार आवडलं. आपले फोटो आपल्या घरात. ज्या घरात ते राहणार होते त्याचा विचार मी करायला हवा होता.

सर्व्हर म्हणजे एक खोका असतो. तो आपल्याच इमारतीत ठेवायचा, सगळ्यांनी आपापले फोटो, कागदपत्रं त्यात ठेवायची, फोनवरून कुठूनही बघायची. मध्ये कोणती कंपनी नाही, जाहिरात नाही, पियानो नाही. हे एवढं सोपं आहे, पण सोसायटीच्या सभेत काहीच सोपं नसतं. तळमजल्यावरच्या एका आजींनी विचारलं, त्याच्या किरणांनी तुळस जळेल का. दुसऱ्या एकांना त्यात शेअर बाजार दिसणार का, हे हवं होतं. वनमालावहिनी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या, म्हणाल्या की खोको कसलो, पयलो लिफ्ट दुरुस्त करा. आणि आमचे सचिव भाऊराव यांनी मूलभूत प्रश्न काढला, हा खोका कोणत्या सदराखाली घ्यायचा.

भाऊराव हे देहाने रुंद आणि वृत्तीने काटेकोर आहेत. सोसायटीच्या नियमावलीत पंप आहे, बाग आहे, जिन्यातले दिवे आहेत, सर्व्हर नाही. फर्निचर म्हणावं तर त्यावर बसता येत नाही. उपकरण म्हणावं तर त्याला नाहरकत पत्र लागतं आणि ते कोणी द्यायचं हे नियमावलीत नाही. शेवटी खोका सोसायटीच्या ऑफिसमध्येच ठेवायचा असल्याने, आणि तिथल्या पाण्याच्या पंपाच्या बोर्डावरच त्याचा प्लग बसणार असल्याने, त्यांनी तो ‘पाणीपुरवठा व अनुषंगिक’ या सदरात घातला. मी हसले. पुढे हे सदर माझ्यावर उलटणार होतं याची मला काय कल्पना.

पंपाच्या बोर्डावर असल्यामुळे सकाळी वरच्या टाकीत पाणी चढायला लागलं की सर्व्हर बंद पडायचा. म्हणजे ज्या वेळी नळाला पाणी, त्या वेळी फोटो नाहीत. विद्याधरकाकांनी आठवडाभर खपून ते दुरुस्त केलं. मग दसऱ्याला शुभाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, रीतसर यंत्रपूजा केली. हळदकुंकू वाहिलं, आणि झेंडूचा इतका घसघशीत हार घातला की खोक्याच्या पंख्याची जाळी बुजली. दुपारपर्यंत तो इतका तापला की वॉचमन सांगत आला, ऑफिसात कोणीतरी झेंडू भाजतंय. हार काढला. सर्व्हर वाचला. एक पाकळी मात्र आत गेली ती गेलीच, आणि तेव्हापासून तो चालू होताना किंचित खोकतो.

पण खरं सांगते, नंतरचे काही दिवस मी सुखात होते. माझे सगळे फोटो त्या कंपनीकडून उतरवून मी तिच्याकडचे पुसून टाकले. पुसताना तिने मला अनेकदा विचारलं, खात्री आहे का. मी दर वेळी खात्री आहे असं म्हटलं, आणि शेवटच्या वेळी मोठ्याने म्हटलं.

नवीन सोनोग्राफी झाली त्याच आठवड्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके छान आहेत. मी फोटो काढला आणि सर्व्हरवर टाकला. कुठे टाकला, हे महत्त्वाचं आहे. मी मूर्ख नाही. मी शिकलेली आहे, सावध आहे, दाराला आतून दोन कड्या लावते. मी एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं ‘किराणा’, त्यात तूरडाळीच्या आणि साबणाच्या पावत्यांचे फोटो टाकले, आणि त्यांच्या मधोमध तो एक. जगातला कुठला चोर आपल्या किराण्यात डोकावणार आहे.

चोर नाहीच डोकावला.

तो सोमवार होता. प्रांजलला शाळेत सोडून मी परत आले. तळमजल्यावर, लिफ्टशेजारी, भिंतीवर उंचावर एक टीव्ही आहे. पूर्वी तो गेटचा कॅमेरा दाखवायचा. सर्व्हर आल्यापासून विद्याधरकाकांनी त्यावर सूचना चालू केल्या होत्या. टीव्हीसमोर भाऊराव उभे होते. तोंड दाराकडे, पाठ टीव्हीकडे, हात मागे बांधलेले. त्यांच्या डोक्यावरून मला टीव्हीचा वरचा भाग दिसत होता. ‘आगामी : दिवाळी पहाट. चहा सोसायटीतर्फे.’ मग ‘आगामी : किल्ले स्पर्धा. माती स्वतःची आणावी.’ मग पडदा काळा झाला, आणि त्या काळ्यावर एक राखाडी पंखा उघडला, आणि पंख्याच्या मधोमध घेवड्याच्या दाण्याएवढं माझं बाळ.

वर लिहिलं होतं, ‘आगामी’.

मी तिथेच थांबले. भाऊरावांनी माझ्याकडे पाहिलं, मागे वळून वर पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून ते म्हणाले, ‘‘टाकी.’’

मी म्हटलं, काय.

‘‘टाकीच्या आतला फोटो आहे. गेल्या महिन्यात धुतली ना, त्या माणसाने पाठवलेला. बघा, तळाशी काय राहिलंय ते. गाळ.’’

लिफ्टमधून ए विंगचे दोघे बाहेर पडले. मान वर करून बघायला लागले. चित्र पुन्हा फिरून आलं होतं. त्यातल्या एकाने विचारलं, हे काय. भाऊरावांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, या सांगतील, यांनी पण पाहिलंय.

आता मी काय करायला हवं होतं, ते मला नंतर अंघोळ करताना फार छान सुचलं. त्या वेळी मी म्हटलं, ‘‘हो. गाळच आहे.’’

माझ्या पोटच्या गोळ्याला, ज्याचे ठोके छान आहेत, त्याला मी स्वतःच्या तोंडाने, दोन साक्षीदारांसमोर, गाळ म्हटलं. ए विंगचे दोघे खवळले. हे पाणी आपण पितो, असं त्यांनी मला ऐकवलं. भाऊराव म्हणाले, टाकी पुन्हा धुऊन घ्यावी लागेल, आणि मानसीताई, तुम्ही फोनवर चांगला माणूस शोधून काढा, तुम्हाला यातलं कळतं. मला यातलं कळतं. मी मान हलवली आणि जिन्याने वर गेले, कारण लिफ्टमध्ये रडायला जागा नसते.

विद्याधरकाकांचं दार शुभाकाकूंनी उघडलं. काका घरी नव्हते. रक्तातली साखर तपासायला गेले होते, खाण्याआधीची आणि खाण्यानंतरची, त्यामुळे मधल्या वेळात इडली खायला स्टेशनजवळ थांबणार होते. टीव्हीचा प्लग ऑफिसात. ऑफिसची किल्ली काकांच्या खिशात. फोन चार्जिंगला, समोरच्या टेबलावर. साऱ्या बिल्डिंगच्या किल्ल्या फळीवर टांगलेल्या होत्या, हवी ती एक नव्हती.

मी त्यांच्या सोफ्यावर बसून राहिले. शुभाकाकूंनी पाणी दिलं, मग आवळासुपारीची बरणी पुढ्यात ठेवली आणि आत निघून गेल्या. मी रागात होते म्हणून मला त्या बरणीचा अर्थ लागला नाही. मी चार तुकडे खाल्ले.

काका आले ते मागच्या गेटने, दंडाला कापूस लावून, प्रसन्न. मी उभी राहिले आणि एका दमात सगळं विचारलं. माझा फोटो टीव्हीवर कसा, माझ्या फोल्डरला हात कोणी लावला, त्यांना कोणी सांगितलं होतं.

त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते कापूस धरून खाली बसले. झालं होतं ते असं. रविवारी त्यांनी सर्व्हर आवरला. म्हणजे जसं आपण माळा आवरतो तसा. कोणाचे आडवे फोटो उभे केले, कोणाचे दोनदा आलेले काढले, नावं नसलेल्यांना नावं दिली. माझ्याकडे आले तेव्हा त्यांना किराण्यात सोनोग्राफी दिसली.

‘‘डाळीच्या पावत्यांमध्ये होतं गं ते,’’ ते म्हणाले. ‘‘मला राहवेना. अशी वस्तू अशी कुठेही ठेवतात का? म्हणून मी तुझ्याच नावाखाली चांगला वेगळा फोल्डर केला. नाव काय द्यायचं विचार केला. ‘गर्भ’ बरं दिसत नाही. म्हणून ‘आगामी’ दिलं.’’

आणि टीव्हीला त्यांनी महिन्यापूर्वी शिकवून ठेवलं होतं की सर्व्हरवर जिथे जिथे ‘आगामी’ नावाचा फोल्डर दिसेल, तिथले सगळे फोटो दाखव. टीव्ही आज्ञाधारक निघाला.

‘‘म्हणजे तुम्ही बघितलंत,’’ मी म्हटलं.

‘‘बघितलं नाही. जागेवर लावलं.’’

हाच तो फरक, जो या घराला आयुष्यात कधी कळलेला नाही. मागच्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलो होतो, मागे आमच्या स्वयंपाकघराचा नळ गळायला लागला. शुभाकाकू आमची किल्ली घेऊन आत गेल्या, नळ बंद केला. उपकारच झाले. पण तिथे उभ्या होत्या तर त्यांनी माझे सगळे डबे खाली काढून पुसले, डाळी एका रांगेत लावल्या आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. मला अजून हिंग सापडलेलं नाही. मी तेव्हाही काही बोलले नव्हते. आता सगळं एकदम बोलले. हिंगासकट.

मी म्हटलं, काका, त्या कंपनीने माझं सगळं बघितलं, पण निदान तिने ते लिफ्टशेजारी टांगलं नाही. तिच्याकडे अब्जावधी लोक आहेत, तिला कोणासाठी वेळ नाही. तुमच्याकडे फक्त ही एक बिल्डिंग आहे आणि तुम्हाला वेळच वेळ आहे. मला माझ्या फोटोंना कुलूप हवंय. माझं. ज्याची किल्ली तुमच्याकडेही नसेल.

काकांनी दंडावरचा कापूस उचलून पाहिला. मग म्हणाले, ‘‘पासवर्ड विसरलीस तर मीसुद्धा काही करू शकणार नाही. सगळं जाईल.’’

‘‘चालेल.’’

‘‘तीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये—’’

‘‘काका, मला माहितीये.’’

ते उठले. फळीपाशी गेले, आमची किल्ली हुकावरून काढली आणि माझ्या हातात ठेवली. ‘‘मग हीसुद्धा ठेव तुझ्याकडे,’’ ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी किल्ली घेतली. मानी बाई दुसरं काय करणार. दारापर्यंत ताठ मानेने गेले, तेवढ्यात मागून शुभाकाकू म्हणाल्या, ‘‘मानसी, बरणी घेऊन जा. तुला लागेल.’’

मी वळले. ‘‘तुम्हाला कधीपासून माहितीये?’’

त्या काकांकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, सर्व्हर कशाला हवा? वनमालाच्या दारात सुकट भाजायला लागली की तू जिना सोडून लिफ्टने जायला लागलीस. लिफ्ट बंद असली तर खाली थांबायला लागलीस. दसऱ्याला कॉफी दिली तर पाणी मागितलंस. सगळ्यांना माहितीये.’’

‘‘सगळ्यांना?’’

‘‘मग काय. पण कोणी तोंडातून काढलं का? गेल्या वर्षी आम्ही विचारून विचारून तुला रडवलं. या वेळी ठरवलं होतं, तीन महिने कोणी एक शब्द बोलायचा नाही.’’

मी तिथे उभी होते, एका हातात किल्ली, एका हातात बरणी, आणि मला इतका राग आला की कोणाचा हेच ठरवता येईना. म्हणजे कंपनीने कॉफीवरून ओळखलं आणि यांनीही कॉफीवरून. त्यांनी उशी पाठवली, यांनी आवळासुपारी. आणि ‘ठरवलं होतं’ म्हणजे काय? कुठे ठरवलं होतं? माझ्या पोटाबद्दल या लोकांनी सभा घेतली आणि मला साधी नोटीस नाही?

जिन्यात वनमालावहिनी भेटल्या. पदराने घाम पुसत वर येत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘‘गो, विद्याधर इलो काय? त्येका सांग, टीव्ही बंद कर. भाऊराव सकाळधरून थंयच उभो आसा. च्या पण उभ्यानच घेतल्यान. गुडघे गेले त्याचे.’’

मी म्हटलं, कोण?

‘‘भाऊराव. सात वाजल्यापासून टीव्ही झाकून उभो आसा. कोण येयत त्येका सांगता, टाकी, गाळ. आपल्याक काय म्हायत नसल्यासारखो.’’ मग त्यांना सुचलं असावं की आपण एक शब्द बोललो. त्यांनी जीभ चावली आणि सुकटीची पिशवी पदराखाली लपवत खाली पळाल्या.

मी जिन्यात बसले. काका ऑफिसची किल्ली घेऊन माझ्या बाजूने टीव्ही बंद करायला खाली गेले. सकाळी मी भाऊरावांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो रुंद माणूस, ज्याने मला सभेत सदरावरून छळलं, तो माझ्या बाळासमोर पहारा देत उभा होता, आणि माझ्याकडून साक्षही काढून घेतली होती, कारण आईच गाळ म्हणाली तर कोण संशय घेणार. मला त्यांचे आभार मानायचे होते. पण आभार मानले तर मला माहीत आहे हे त्यांना कळलं असतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला कळलंय हे त्यांना कळलं असतं, आणि मग तीन महिन्यांचं काय? मी आभार मानले नाहीत. मी घरी जाऊन फोनवर टाक्या धुणारा माणूस शोधला.

कारण तोवर प्रकरण भाऊरावांच्याही हाताबाहेर गेलं होतं. ए विंगने अर्ज दिला होता. आपल्या पिण्याच्या टाकीत गाळ आहे, त्याचा फोटो अनेकांनी पाहिला आहे, संबंधित माणसावर कारवाई करा. टाक्या धुणाऱ्या जुन्या माणसाने टाकी चकचकीत आहे असं शपथेवर सांगितलं, त्याला कोणी विचारेना. आता बिल्डिंगमध्ये दोन प्रकारचे लोक होते. ज्यांना सगळं माहीत आहे आणि जे गाळ म्हणतात, आणि ज्यांना खरोखरच गाळ वाटतो. दोघेही माझ्याशी सारखंच बोलायचे. तळमजल्यावरच्या आजी मला गेटपाशी थांबवून म्हणाल्या, पाणी उकळून पी हो, आणि जपून. त्या कोणत्या गटात होत्या ते मला आजही सांगता येणार नाही.

विद्याधरकाकांनी कुलूप करून दिलं. सर्व्हरसमोर मला बसवलं, पासवर्ड घालायच्या वेळी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले, आणि माझं झाल्यावरही बराच वेळ वळले नाहीत. मग सगळ्या बिल्डिंगला त्यांनी तसंच स्वतंत्र कुलूप करून दिलं. पुढच्या आठवड्यात अर्धी बिल्डिंग पासवर्ड विसरली आणि त्यांच्या दारात उभी राहिली, आणि ते प्रत्येकाला सांगत होते, मी काही करू शकत नाही, मानसीला विचारा. मला ते जरा लागलं. पण मी कुलूप काढलं नाही, काढणारही नाही.

आमच्या घराच्या किल्लीचं मात्र मला कळेना काय करावं. ती मी पर्समध्ये ठेवली, मग देव्हाऱ्यापाशी, मग टीव्हीखालच्या खणात. जादा किल्ली स्वतःच्याच घरात ठेवून काय करायची असते? शेवटी एका संध्याकाळी मी समोर गेले. काका पेपर वाचत होते. मी काही न बोलता ती हुकाला लावली. ते पेपरातून वर न बघता म्हणाले, ‘‘हिंग तिसऱ्या रांगेत आहे. मोहरीच्या मागे.’’

फोनवर उशीची जाहिरात दिसायची बंद झाली आहे. मी इतक्या वेळा टाकी, गाळ, गाळ कसा काढावा असं शोधलं की आता मला दिवसभर टाक्या धुणारे पंप, जंतुनाशक पावडर आणि लांब दांड्याचे ब्रश दिसतात. एवढी अब्जावधी लोकांची कंपनी, पण भाऊरावांची थाप तिने पूर्णपणे गिळली. मला त्याचा अतोनात आनंद झाला आहे.

टाकी धुवायच्या दिवशी पाणी बंद होतं. पहाटेच सगळ्यांनी भरून ठेवलं, पण आमचं दुपारीच संपलं, कारण प्रांजलने बाहुलीला दोनदा अंघोळ घातली. खाली टँकर आला होता. मिहिर ऑफिसला. मी बादली घेऊन गेले, रांगेत उभी राहिले, भरली, आणि उचलायला वाकले. माझ्यापुढे ए विंगचे ते दोघे होते, चकचकीत टाकी पुन्हा धुतली म्हणून समाधानी. भाऊराव गुडघ्याला पट्टा बांधून देखरेख करत होते. त्यांनी माझ्या बादलीकडे पाहिलं आणि घाईघाईने आकाशाकडे पाहायला लागले.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातली कडी धरली. वनमालावहिनी. एक भरलेली बादली त्यांच्या डाव्या हातात आधीच होती. मी म्हटलं, वहिनी, राहू दे, मी नेते. पाण्यासाठी एवढी माणसं रांगेत, ए विंग कान टवकारून उभी, तीन महिने व्हायला अजून थोडे दिवस बाकी, आणि या बाईला गप्प बसता येत नाही हे अख्ख्या मुलुंडला माहीत.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले. मग बादली माझ्या हातातून ओढून घेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘ठेव गो ती. गाळ हलतलो.’’